रि: बालनाट्य: चोचीचं काय करायचं? (तातडीचं)

मंडळी, शनिवारच्या तालमीत परत तेच. नाटकातला हुइआ, म्हणजे आपल्या न्यूझीलंडचा तो नामशेष झालेला पक्षी; त्याच्या मादीची चोच लांब आणि वाकडी, आर्याचं एकही वाक्य माइकमध्ये जात नाही. नराची आखूड चोच दोघांनाही दिली तर? कोण बघतंय एवढं?
स्मिता

स्मिता, इथली माणसं नक्की बघतील! हुइआची ओळखच ती. नर आखूड चोचीनं कुजकं लाकूड फोडायचा, मादी लांब चोच खोल भेगेत घालून अळी काढायची. चोच कपाळावर टोपीसारखी बांध, तोंड मोकळं राहील. पुठ्ठा माझ्या गॅरेजात आहे.
अविनाश

अविनाशदादा, तो पुठ्ठा मखराचा आहे. मागच्या वर्षीचं सगळ्यांना आठवत असेलच.
केतकी (सजावट)

पुठ्ठ्याचं तुम्ही बघा. मला खटकतोय तो शेवट. हुइआ नामशेष झाल्याचं सगळं खापर उंदरांवर? कुरणांसाठी जंगल तोडलं, त्याचं काय? १८८३ मध्ये ११ जणांनी महिन्याभरात ६४६ हुइआंची कातडी गोळा केल्याचं पक्षीतज्ज्ञ बुलरनं लिहिलंय, आणि स्वतः बुलरही नमुने जमवतच होता. १८९२ मध्ये संरक्षण मिळालं, पण पाळतो कोण! १९०१ मध्ये इथं आलेल्या ब्रिटिश राजपुत्राच्या, ड्यूक ऑफ यॉर्कच्या टोपीत हुइआचं पीस खोचलं गेलं आणि जो तो तेच मागायला लागला. शेवटची खात्रीची नोंद २८ डिसेंबर १९०७ ची, आपल्या तारारुआच्या डोंगरातली. हे दोन वाक्यांत बसतं, मी लिहून देते.
आणि मुलांच्या डोक्यावर पांढऱ्या टोकाची पिसं नकोत. माओरींमध्ये, इथल्या मूळ रहिवाशांमध्ये, तो मान मोठ्या हुद्द्याच्या माणसांचा, कोणीही खोचायचं पीस नव्हे ते. शेपटीला लावा.
वसुधा

वसुधाताई, संहिता जूनमध्येच मंजूर झालीय. शेपटीचं मान्य.
स्मिता

साउंडचं माझ्याकडे आहे ना? हुइआचा खरा आवाज नेटवर सापडला. पडदा उघडताना लावतो.
निखिल

निखिल, तो पक्ष्याचा नाही, माणसाचा आहे. हुइआचं ध्वनिमुद्रण कधी झालंच नाही. हेनारे हामाना यांनी नक्कल करून घातलेली शीळ १९४९ मध्ये मुद्रित केली, ती ही. अशी शीळ घातली की हुइआ स्वतःहून जवळ यायचे, शिकाऱ्याला तेवढं पुरे. लाव, पण निवेदनात नाव घे.
वसुधा

मग रेकॉर्डिंग कशाला? आमच्या ह्यांना शीळ उत्तम येते. फक्त रविवारी क्रिकेट असतं, तालीम शनिवारीच ठेवा.
मानसी