वर्षभराचं विणकाम : उतरलेलं, उसवलेलं आणि अजून सुईवर असलेलं

मंडळी, डिसेंबर सरत आला. या वर्षी तुमच्या सुयांवरून काय काय उतरलं, काय उसवावं लागलं आणि काय अजून पिशवीतच आहे, ते इथे लिहा. आग्रह एकच. विणून झालं त्या दिवसाचं कौतुक थोडक्यात आटपा आणि पुढचं सविस्तर सांगा. कोणती लोकर घेतली, कितव्या नंबरच्या सुया होत्या, चार धुण्यांनंतर ती वस्तू कशी राहिली. नव्याने विणायला बसलेल्यांना खरा उपयोग त्याचाच होतो. दुकानात गुंडा हातात घेतला तरी ही लोकर सैल पडणार, आटणार की गोळे धरणार, हे कळत नाही.

सुरुवात माझ्यापासून. भाचीचं बाळंतपण डोंबिवलीत, ऐन एप्रिलमध्ये. बाळंतविडा हाताने विणलेला हवा, अशी घरातल्या मोठ्यांची इच्छा. पण त्या उकाड्यात बाळाला लोकर घालणार कशी? म्हणून झबलं, टोपडं, मोजे, दुपटं सगळं सुती दोऱ्यात केलं. सुती दोरा ताणला की लोकरीसारखा परत जागेवर येत नाही. त्यामुळे टोपड्याची एक सुलट एक उलट बॉर्डर 12 नंबरच्या सुयांवर घट्ट विणली आणि टाकेही नेहमीपेक्षा कमी घातले. इतक्या धुण्यांनंतरही टोपडं डोळ्यांवर सरकत नाही. मोजे मात्र बाळ लाथा मारून काढून टाकायचं. पुढच्या जोडाला घोट्यापाशी एक सुई, म्हणजे एक ओळ, जाळीची घेतली (दोरा पुढे, दोन टाके एकत्र) आणि त्यातून साखळीची आखूड नाडी ओवली. ते पायात राहिले. गोंडे मुद्दामच लावले नाहीत, बाळं ते तोंडात घालतात.

आता तुम्ही.

निफाडहून

ताई, आमच्याकडे उलटी तऱ्हा. इथे कडाक्याच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. द्राक्षबागेला चटका बसू नये म्हणून पहाटे पाणी सोडायचं, शेकोट्या पेटवायच्या. मामंजी सगळ्यांच्या आधी बागेत. त्यांच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर केला. शेतातला कपडा, माती लागणार, रोज बादलीत पडणार, म्हणून अ‍ॅक्रिलिकच घेतलं. बॉर्डर 10 नंबरवर, अंग 8 नंबरवर. मामंजी तोंडावर कौतुक करणारे नाहीत, पण सोसायटीच्या मीटिंगला तोच घालून गेले. यात सगळं आलं.

मग तो बाकीच्या कपड्यांबरोबर इस्त्रीला गेला. परत आला तेव्हा खालची बॉर्डर आणि तिच्या वरची वीतभर वीण चपटी झालेली. अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकचा धागा. गरम इस्त्रीखाली तो मऊ पडतो आणि टाक्यांची उभारी कायमची जाते. धुतलं, वाळवलं, काही केलं तरी ती परत येत नाही. खालून उसव, असं सगळ्यांनी सांगितलं. पण टाके जिथे घातले त्या कडेकडून वीण सरसर उसवत नाही, टाक्याटाक्याला धागा अडकतो.

मग आईची पद्धत वापरली. खराब भागाच्या वर, चांगल्या विणीतला एकच टाका कात्रीने कापला. तो धागा सुईच्या टोकाने एकेका टाक्यातून ओढत गेले आणि मोकळा झालेला प्रत्येक टाका लगेच दुसऱ्या सुईवर घेतला. घाई केली तर टाका निसटतो, म्हणून दुपारच्या उजेडात, दारं लावून बसले. पूर्ण ओळ सुटली की खालचा तुकडा हातात येतो. वरच्या टाक्यांवरून खाली विणत नवी बॉर्डर केली. साध्या सुलट विणीत जोड कुठे आहे ते सापडत नाही. वेण्यांची नक्षी असेल तर मात्र अर्धा टाका सरकतो, तिथे ही युक्ती वापरू नका.

पुण्याहून

निफाडच्या ताई, हे मी वहीत उतरवून घेतलं! मी दोन हिवाळ्यांपासूनच विणतेय. माझ्याकडे आजीच्या सुया आहेत, त्यांवर 8, 9, 10 असे आकडे. परदेशी नमुन्यांत मात्र मिलिमीटर. हे दोन हिशेब उलट्या दिशेने चालतात. जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते : 8 म्हणजे 4 मिमी, 9 म्हणजे 3.75, 10 म्हणजे 3.25, 12 म्हणजे 2.75. मला हवी होती 4 मिमी. दुकानातून ‘4 नंबर’ म्हणून जी आली, ती 6 मिमीची निघाली.

हे कळलं ते माप पाहायला आधी विणलेल्या लहान तुकड्यामुळे. नमुन्यानुसार 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसायला हवे होते, माझे 16 बसले. छातीला 100 सेंटिमीटर म्हणून 220 टाके घालून तशीच पुढे गेले असते तर स्वेटर 137 सेंटिमीटरचा झाला असता. तो तुकडा विणायला एक संध्याकाळ जाते आणि कंटाळाही येतो, पण तो धुऊन, वाळवून, मगच मोजायचा. सुया बदलून कार्डिगन पूर्ण केलं. ऑफिसच्या एसीत रोज अंगावर असतं. कोपरांवर थोडे गोळे आलेत, बाकी मापाला पक्कं आहे.

मुंबईहून, लेडीज डब्यातून

माझं वर्षभराचं काम लोकलमध्येच झालं. लांब सरळ सुया गर्दीत शेजारणीला लागतात, म्हणून गोल सुई घेतली. तिला टोकं दोन पण बाहेर काही येत नाही, आणि अर्धवट काम तसंच पिशवीत टाकता येतं. एकदा धक्क्यात टाका निसटला आणि खालपर्यंत शिडी पडली. समोर बसलेल्या मावशींनी केसांतली पिन काढली आणि ठाणे यायच्या आत एकेक आडवा धागा वर ओढत टाका जागेवर आणून दिला. तेव्हापासून पिशवीत क्रोशाची सुई असतेच. मफलर झाला, भावाकडे आहे.

नागपूरहून

मी रिटायर झाल्यावर बायकोकडून विणकाम शिकलो. यंदा तापमानाचं पांघरूण केलं. रोज हवामान खात्याचं कमाल तापमान पाहायचं आणि त्या रंगाच्या दोन सुया विणायच्या. वर्षाच्या 730 सुया होतात. दोन्ही बाजूंनी सुलट वीण आणि मध्यम जाडीची लोकर असली तर 10 सेंटिमीटरमध्ये साधारण 40 सुया बसतात, म्हणजे लांबी 180 सेंटिमीटरच्या आसपास. आधी हिशेब करून घ्या, नाहीतर पांघरूण दारापर्यंत जाते.

रंग पाच-पाच अंशांचे ठेवले. 25च्या खाली गडद निळा, मग फिका निळा, हिरवा, पिवळा, 40च्या वर नारिंगी, 45च्या वर मरून. बायको म्हणे, “एवढा नारिंगी कायले आणला?” तोच कमी पडला. एप्रिलच्या मध्यापासून नारिंगीशिवाय दुसरा रंगच नाही. दुकानात परत गेलो तर त्याच नंबरचा रंग होता, पण लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेली खेप, वेगळा. लेबलवर रंगाच्या नंबरासोबत लॉट नंबरही छापलेला राहतो. उन्हात दोन्ही गुंडे शेजारी धरले तर नवा जरा लालसर. जुना संपायच्या आधीच नवा सुरू केला, एक दिवस जुना, एक दिवस नवा. त्यामुळे मधे पट्टा उठला नाही. लोकर पुरणार नाही असं वाटत असेल, तर शेवटच्या गुंड्यापर्यंत थांबू नका.

नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, मरून लागला. मग मृगाचा पाऊस आला आणि एका आठवड्यात नारिंगीवरून थेट हिरव्यावर आलो. पांघरुणावर ती जागा खोलीच्या दारातूनही दिसते. माझ्या मते सगळ्या वर्षातलं सगळ्यात देखणं विणकाम तेच, आणि त्यात नक्षी काहीच नाही.

आटपाडीहून

आमच्या माणदेशात दख्खनी मेंढरं. वर्षातून दोनदा कातरतात. लोकर काळी-करडी आणि राठ. तिची घोंगडी होते : खड्ड्याच्या मागावर विणायची, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ द्यायची. सुयांवर विणायला ही लोकर कुणी घेत नाही. इथे वाढलेल्या माणसाने लुधियानाहून आलेल्या गुंड्यांवरच का विणावं, हे मला खटकायचं. गावातल्या एका म्हाताऱ्या आजींनी चरख्यावर कातलेलं सूत मागून आणलं.

पहिली टोपी केली. मुलाने घातली आणि दोन मिनिटांत कपाळ लाल. या लोकरीचा तंतू जाड असतो, तो टोचतोच. साबण, तेल, काही लावून तो मऊ होत नाही. टोपी उसवली. सूत हातात होतं, तेव्हा त्याला साजेसं काम शोधलं. जाड सुयांवर सैल चौकोन विणला, कढत पाण्यात साबण घालून दगडावर रगडला. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, उष्णता आणि रगडण्याने ते एकमेकांत गुंततात आणि वीण आटून घट्ट होते. जी गोष्ट स्वेटरच्या बाबतीत झाली तर डोळ्यांत पाणी येतं, तीच इथे हवी होती. चांगलं जाड बसकर तयार झालं. पहाटेच्या गार फरशीवर आई त्यावर बसून जप करते. आता आजींनी आणखी सूत कातून ठेवलंय, आणि या वेळी त्यांनी पैसे घेतले, याचा मला फार आनंद आहे.

अ‍ॅबरडीनहून

मी साताऱ्याची, लग्नानंतर स्कॉटलंडला आले. इथून उत्तरेला शेटलंड बेटं. फेअर आयल नक्षी तिकडचीच. एका ओळीत दोनच रंग, एक धागा उजव्या हातावर, एक डाव्या. मागून जाणारा धागा सैल सोडावा लागतो, नाहीतर अंग आखडतं. नवऱ्यासाठी या नक्षीचं कार्डिगन केलं. ते आधी गोल विणतात, बंद बंडीसारखं, म्हणजे सुलट बाजू सतत समोर राहते आणि नक्षी डोळ्यांना दिसते. पुढे मधोमध थोडे जास्तीचे टाके ठेवतात. शेवटी त्या टाक्यांमधून वरपासून खालपर्यंत कात्री चालवायची.

सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. “अगं, कातरतेस काय! सगळं उसवेल!” नाही उसवलं. आटपाडीच्या दादांनी सांगितलेले ते खवलेच इथे कामाला येतात. शेटलंडच्या लोकरीचे धागे शेजारच्या धाग्यांना धरून राहतात. तरी कापायच्या आधी दोन्ही बाजूंना क्रोशाने शिवण घातलीच होती. हे अ‍ॅक्रिलिकवर किंवा गुळगुळीत सुती दोऱ्यावर करू नका, तो धागा निसटून टाके सुटतात. कापलेली कड आत दुमडली, बटणपट्टी विणली, कोमट पाण्यात भिजवून लाकडी चौकटीवर ताणून वाळवलं. सासूबाईंनी आता स्वतःसाठी जांभळ्या रंगाचं सांगितलंय. त्याची पाठ अजून सुईवर आहे.

मराठवाड्यातून, एका नवजात कक्षातून

मी परिचारिका आहे. तुमच्यासारख्यांनी विणलेल्या टोप्या आमच्याकडे येतात आणि त्या खरोखर वापरल्या जातात. कमी दिवसांच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवतात, कांगारू पद्धत म्हणतात तिला. तेव्हा बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच असतं. डोक्यातून उष्णता फार जाते, म्हणून टोपी लागतेच.

यंदा आलेल्या सुंदर टोप्यांपैकी बऱ्याच मोठ्या होत्या. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर 34-35 सेंटिमीटर असतो, पण 32 आठवड्यांच्या बाळाचा 29च्या आसपास. टोपी त्याहून थोडी लहान हवी, म्हणजे ताणून बसते. धागा मऊ, धुता येणारा घ्या. बटण, मणी, गोंडा, गळ्याखाली नाडी नको. जाळीची नक्षी नको, बोटं अडकतात. रंग कोणताही चालेल. या वर्षी एका आईने ती टोपी घरी न्यायला मागितली. आम्ही दिली.

रत्नागिरीहून

आईने विणलेली शाल पावसाळ्यानंतर ट्रंकेतून काढली, तर कसरीने ठिकठिकाणी भोकं पाडलेली. कसर लोकरीला लागते; त्याच ट्रंकेतले अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर जसेच्या तसे होते. शाल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवली, त्याने अळ्या-अंडी मरतात. मग बोथट सुईने टाक्यांच्याच वाटेने नवा धागा फिरवत भोकं भरली. जुन्या करड्या रंगाची लोकर मिळाली नाही, म्हणून उघड उघड केशरी वापरली. आईचे टाके कुठले आणि माझे कुठले ते कळतं, आणि मला तसंच हवं होतं. ही शाल आता नातीच्या बाळासाठी द्यायची आहे. पुन्हा कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या घालून ठेवू का?

पुन्हा नवजात कक्षातून

काकू, कृपा करून नको. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या कधीच ठेवू नका. त्यातलं नॅफ्थलीन कपड्यात मुरतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं आणि ते घरच्यांना माहीतही नसतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात, कावीळ वाढते, कधी रक्त चढवावं लागतं. शाल धुवा, कडक उन्हात पूर्ण वाळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी काढून झटका. आधी कधी गोळ्यांच्या ट्रंकेत ठेवली असेल, तर वास पूर्ण जाईपर्यंत बाळाला गुंडाळू नका.