मदत हवी आहे: दहावी 1991 ची बॅच, पुण्यात स्नेहमेळावा. माणसं शोधणं, तारीख, वर्गणी

भिडेपूल

नमस्कार मंडळी,

पुण्यातली मराठी माध्यमाची शाळा, दहावी 1991. चार तुकड्या, मिळून साधारण 210 मुलंमुली. व्हॉट्सॅप ग्रुपवर 96 जण जमलेत, त्यात मुली फक्त 22. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातच मेळावा करायचा आहे. अडलंय ते असं:

उरलेल्यांना, खासकरून लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींना शोधायचं कसं? तारीख कशी ठरवायची ('कधीही चालेल' म्हणणारेच आयत्या वेळी गळतात)? वर्गणी किती ठेवायची आणि कोणाच्या खात्यात घ्यायची? शाळेत करावं की मंगल कार्यालयात?

'मस्त कल्पना, करूया रे' हे प्रतिसाद ग्रुपवर पोत्यानं आहेत. इथे कामाचं सांगा.

दुपारची_शाळा

यादी ग्रुपमधून बनवू नका, शाळेच्या कागदांतून बनवा. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर (प्रवेश घेतलेल्या सगळ्यांची नोंदवही) असतं आणि ते कायम जपून ठेवावं लागतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन 1990-91 च्या दहावीच्या विद्यार्थ्यांची तुकडीवार नावं मागा. फक्त नावं. पत्ते मागितलेत तर कार्यालय सगळाच अर्ज बाजूला ठेवेल, आणि ते बरोबरच आहे. जूनमधली प्रवेशाची गर्दी आणि फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची धावपळ टाळा. आठवी-नववीत दाखला काढून गेलेले दहावीच्या यादीत नसतात. त्यांची नावं आठवून वेगळी जोडा. ती मुलं हमखास राहून जातात आणि पुढे 'आम्हाला कोणी विचारलंच नाही' हे ऐकावं लागतं.

मग एक शीट: तुकडी, शाळेतलं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट (एका वर्गात दोन संजय कुलकर्णी असतातच), आताचं नाव, गाव, कोणामार्फत सापडले, निरोप कोणी दिला, उत्तर काय. फोन नंबर दुसऱ्या शीटमध्ये, ती फक्त तिघाचौघांना दिसावी. 'लिंक असलेल्या कोणालाही' ही परवानगी बंद ठेवा. अशी यादी एकदा बाहेर गेली की विमावाले आणि प्लॉटवाले मेळाव्याच्या आधी पोचतात.

मुली शोधायच्या तर आधी भाऊ शोधा. त्याचं आडनाव बदललेलं नसतं, आणि पुण्यात भावंडं बहुधा एकाच शाळेत असायची. मागच्या-पुढच्या दोन-तीन बॅचच्या ग्रुपवर 'अमुक आडनाव, वडिलांचं नाव तमुक, राहायला अमुक पेठेत' असा निरोप टाका. दुसरा धागा जुन्या वाड्यांचा. वाडा पाडून इमारत झाली तरी जुन्या भाडेकरूंपैकी काही त्याच इमारतीत असतात. खालच्या पाट्या वाचा, नाहीतर समोरच्या दुकानात विचारा. फेसबुकवर माहेरच्या नावानं शोधून फारसं हाती लागत नाही. सापडलेल्या मैत्रिणींच्या मित्रयादीतून पुढे जा.

मुलीला पहिला फोन मुलीनंच करावा. पस्तीस वर्षांनी अनोळखी नंबरवरून पुरुषाचा आवाज 'ओळखलंस का?' म्हणाला की समोरून फोन बंद होतो. आणि सापडली म्हणून परस्पर ग्रुपमध्ये ओढू नका. लिंक पाठवा, तिची ती येईल. 'ग्रुप नको, मेळाव्याला येईन' म्हणणाऱ्याही असतात. त्यांच्यासाठी शीटमध्ये एक रकाना ठेवा.

ग्रुपमध्ये 'नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी' चालू करा. ओळखपाळख म्हणून तुकडी आणि वर्गशिक्षकांचं नाव विचारलं की पुरे.

आणखी एक, नाजूक आहे. 'तो गेला म्हणे' ही बातमी घरच्यांकडून किंवा एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांकडून खात्री झाल्याशिवाय शीटमध्ये लिहू नका, ग्रुपवर तर नाहीच. एकसारख्या नावांमुळे जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली जाते, आणि ती चूक कोणी विसरत नाही.

जमाखर्च

वर्गणीचा हिशेब बहुतेक जण उलटा करतात. एकूण खर्च काढतात, येतील असं वाटणाऱ्या डोक्यांनी भागतात, आणि डोकी कमी आली की तूट आयोजकांच्या बोकांडी.

खर्च दोन ढिगांत मांडा. माणसं कितीही आली तरी न बदलणारा: हॉल, ध्वनिव्यवस्था, फोटोग्राफर, शिक्षकांचा सत्कार आणि त्यांची जेवणं. आणि दुसरा माणशी: जेवण, चहा-नाश्ता, बिल्ला. समजा पहिला 60,000 आणि दुसरा 700 (आकडे उदाहरणादाखल). 80 जण आले तर माणशी 1,450. 60 आले तर 1,700. वर्गणी 1,700 ठेवा, 1,450 नाही. उरलेले परत द्यायचे की शाळेला, हे वर्गणी मागतानाच लिहून टाका. नंतर ठरवायला गेलात तर दोन तट पडतात.

'बॅच 1991' नावानं खातं उघडायला गेलात तर बँक सहसा नोंदणीकृत संस्थेचे कागद मागते. एका मेळाव्यासाठी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आणि दरवर्षीचं ऑडिट मागे लावून घेऊ नका. दोघांच्या नावाचं नवं बचत खातं, सह्या दोघांच्या, पैसे काढणं चेकनं. चालू घरखात्यात वर्गणी घेतली की दूधवाला, वीजबिल आणि वर्गणी यांची जी भेळ होते ती मार्चमध्ये निवडत बसावी लागते. यूपीआय करताना शेऱ्यात तुकडी आणि शाळेतलं नाव लिहायला सांगा, 'क सुनीता जोशी' असं. नाहीतर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यातून आलेली रक्कम कोणाची हे कळत नाही. परदेशातल्यांना पुण्यातल्या भावंडामार्फत भरायला सांगा, सोपं पडतं.

पैसे भरले तोच येणार, असं धरायचं. तोंडी 'हो' मोजायचा नाही. परतावा पंधरा दिवस आधीपर्यंत पूर्ण, त्यानंतर शून्य, कारण केटरर तेव्हा पानांचा आकडा पक्का करून घेतो. कोणाला वर्गणी जड असेल तर दोघांपैकी एकालाच कळवावं, नाव बाहेर जाणार नाही, हे वाक्य निवेदनात जरूर घाला.

शाळेला देणगी द्यायची तर थेट संस्थेच्या नावे, चेक किंवा ऑनलाइन. संस्थेकडे 80जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असेल तरी 2,000 रुपयांच्या वर रोख दिलेल्याला सवलत नाही, आणि वस्तुरूप देणगीलाही नाही. 'प्रोजेक्टर देऊ' म्हणण्याआधी मुख्याध्यापकांना काय हवंय ते विचारा. बऱ्याच शाळांत प्रोजेक्टर कपाटात असतात आणि स्वच्छतागृहाचं दार मोडकं असतं.

कर्वेरोड

तारखेसाठी पोल घ्या, पण दोन किंवा तीनच पर्याय. व्हॉट्सॅप बारा पर्याय देऊ देतं म्हणून बारा द्यायचे नसतात. आणि पोलच्या आधी चार फोन: हवे असलेले शिक्षक, परदेशातून येणारे दोघेतिघे, हॉल, केटरर. हे जमणाऱ्या तारखाच पोलमध्ये.

डिसेंबरचा मध्य टाळा. लग्नसराईत कार्यालय मिळत नाही, वर सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचा शनिवार-रविवार आला की पुण्यातले दहा-पंधरा जण गेलेच समजा. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी परदेशातले इथे असतात खरे, पण लोणावळा-मुळशीचे रिसॉर्ट तेव्हा दामदुप्पट. नगरकडून येणारे असतील तर 1 जानेवारी नकोच. पेरणे फाट्याला विजयस्तंभाच्या अभिवादनाला होणाऱ्या गर्दीमुळे वाहतूक वळवलेली असते. पंचांगात पौष कधी आहे ते बघा. पौषात लग्नं नाहीत, म्हणजे कार्यालयं रिकामी आणि भाड्यात घासाघीस करायला वाव. पौषातला रविवार घ्या.

कार्यालयाला विचारायचं: किती ते किती वाजेपर्यंत, केटरर त्यांचाच सक्तीचा का, वीज मीटरप्रमाणे का, सफाईचे वेगळे का, आणि लिफ्ट आहे का. शेवटचा प्रश्न विसरू नका, पुण्यातल्या अनेक कार्यालयांत जेवणाचा हॉल वर किंवा तळघरात असतो आणि तुमचे शिक्षक आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. वनाज ते डेक्कन पट्ट्यात मेट्रो स्टेशनजवळ घेतलंत तर पार्किंगची निम्मी कटकट जाते. कोटेशन लेखी घ्या आणि जीएसटी धरून घ्या. रेस्टॉरंटच्या जेवणावर 5 टक्के, नुसत्या हॉलच्या भाड्यावर 18.

भिडेपूल

खूप आभार, एवढ्याची अपेक्षा नव्हती. शाळेत की कार्यालयात हे राहिलं. शिवाय काही जणांना गाणी-नाच आणि 'संध्याकाळची व्यवस्था' हवी आहे. त्यावरून ग्रुपवर महाभारत चालू आहे.

कर्वेरोड

दोन्ही करा, पण एकत्र नको. सकाळी नऊ ते साडेदहा शाळेत: घंटा, प्रार्थना, आपापल्या वर्गात बसणं, फोटो. नंतर कार्यालय. शाळेत जेवण ठेवलंत की सफाई, पाणी, शिपाईमामांची सुट्टी सगळं अंगावर येतं.

संध्याकाळची व्यवस्था वर्गणीत अजिबात धरू नका. ज्यांना हवं त्यांनी परमिट रूम असलेल्या हॉटेलात, स्वतःच्या खर्चानं, मेळावा संपल्यावर. खासगी हॉल किंवा फार्महाउसवर पाजायची तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना लागतो. 'आमचं सगळं सेट आहे' म्हणणाऱ्या मालकाकडे तो कागद बघायला मागा.

गाण्यांचं: लग्नाच्या समारंभात ध्वनिमुद्रित गाणी लावायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, स्नेहमेळाव्याला ती लागू नाही. मोठी हॉटेलं पीपीएल, आयपीआरएस वगैरे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने मागतात आणि ते ऐन आदल्या दिवशी सांगतात. बुकिंगच्या वेळीच विचारा. उघड्यावर असेल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद.

ओट्यावरची

कार्यक्रम कशामुळे फसतो ते सांगते. प्रत्येकानं उठून आपली ओळख करून देण्यामुळे. 80 जण गुणिले दोन मिनिटं म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं, आणि दोन मिनिटांत कोणी थांबत नाही. त्याऐवजी वर्गणीच्या फॉर्मवरच चार ओळी आणि एक फोटो मागवा, त्याची पीडीएफ आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवा. मंचावरचं सगळं मिळून सव्वा तास. पहिला तास मंचावर काहीही नको, लोकांना एकमेकांशी बोलायचं असतं आणि माइकवाला त्यांना 'स्थानापन्न व्हा' म्हणत असतो.

बिल्ले: शाळेतलं नाव ठळक, चार-पाच फुटांवरून चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. आताचं आडनाव खाली बारीक. चार तुकड्यांना चार रंगांच्या दोऱ्या. स्टिकर नको, रेशमी साडीवर टिकत नाही आणि डाग पाडून जातो. गळ्यातला बिल्ला एकाच हुकाचा असेल तर हमखास उलटा होतो, म्हणून नाव दोन्ही बाजूंनी छापा.

शिक्षकांना व्हॉट्सॅपवर पत्रिका पाठवून मोकळं होऊ नका. दोघांनी घरी जाऊन बोलवावं. प्रत्येक शिक्षकामागे एक माणूस: आणणं, शेजारी बसणं, पोचवणं. सोबत घरचं कोणी येणार का ते विचारा आणि ते पान धरा. मंचाच्या पायऱ्या चढायला लावू नका, सत्कार खालीच करा. मंचावरचा कार्यक्रम सुरू झाला की पहिल्या पाऊण तासात त्यांचा भाग उरका, जेवणही आधी वाढा, मधुमेह असणाऱ्यांना दीड वाजेपर्यंत ताटकळवू नका. शाल ठीक, जड स्मृतिचिन्ह नको, घरात ठेवायला जागा नसते. आणि 'सर, ओळखलंत का?' या प्रश्नावर बंदी घाला. आपलं नाव सांगावं आणि मग नमस्कार करावा.

जेवण: मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा असं साधं पान ठेवलंत तर कोणी नाव ठेवणार नाही. चाळीस प्रकारांच्या बुफेत रांगाच लांबतात. मठ्ठा माणशी दीडशे मिली धरा, 80 जणांना 12 लिटर. चहा शंभर मिलीच्या कपानं दोन फेऱ्या म्हणजे 16 लिटर, त्यात पाव भाग बिनसाखरेचा.

सामूहिक फोटो जेवणाआधी. नंतर लोक पांगतात.

जमाखर्च

फोटोंसाठी: फोटोग्राफरकडून मूळ फाइली ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॅपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, फ्रेम करायला गेलं की चेहरे फुटतात.

दुपारची_शाळा

परदेशस्थांसोबत तयारीची बैठक रविवारी रात्री साडेआठला ठेवा. लंडनला दुपार असते, न्यूयॉर्कला सकाळ, कॅलिफोर्नियात सात किंवा आठ. फक्त ऑस्ट्रेलियावाले झोपलेले असतात. झूमचं फुकट खातं 40 मिनिटांत बंद पडतं, गूगल मीटचं तिघांहून जास्त असतील तर तासाला. चांगलंच आहे, बैठक त्याच्या आत संपवा.

ग्रुप दोन करा. एक 'सूचना', त्यात फक्त ॲडमिन लिहितील. दुसरा गप्पांचा. सुप्रभात, राजकारण, फॉरवर्ड सगळं दुसऱ्यात. तारखेचा निरोप शुभेच्छांच्या फुलांखाली गाडला जाणं हे लोक न येण्याचं मोठं कारण आहे. ब्रॉडकास्ट यादीवर विसंबू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप जातच नाही.

भिडेपूल

शेवटचं एक. अर्जात नेमकं काय लिहू?

दुपारची_शाळा

'प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: सन 1990-91 च्या इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांची तुकडीनिहाय नावे मिळणेबाबत, तसेच दि. ___ रोजी सकाळी 9 ते 10.30 शाळेचे पटांगण व चार वर्गखोल्या उपलब्ध होणेबाबत. महोदय, आम्ही आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी असून स्नेहमेळावा आयोजित करीत आहोत. विद्यार्थ्यांचे पत्ते वा इतर तपशील नकोत. कार्यक्रमानंतर स्वच्छतेची जबाबदारी आमची राहील.'

खाली तिघांच्या सह्या, प्रत्येकाचं दहावीचं वर्ष आणि तुकडी. दाखल्याची झेरॉक्स असेल तर जोडा, त्यावरच्या रजिस्टर क्रमांकामुळे क्लार्कला नेमकं पान लगेच सापडतं. प्रत संस्थेच्या सचिवांना. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेऊन या.