नदीचं पाणी फिल्टर करून नेणाऱ्या मॅडम नेमकं काय शोधून राहिल्या? मासेमारी तर बंद नाही ना होणार?

चुलबंदकाठी:
नमस्कार मंडळी, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातून लिहून राहिलो. आमच्या गावाजवळ एक संशोधक मॅडम येऊन राहिल्या, इकॉलॉजिस्ट (जीव अन् त्यायच्या परिसराचा अभ्यास करणाऱ्या) हाय म्हणे. सकाळीच चुलबंद नदीच्या डोहावर जातात, पाणी मोठ्या सिरिंजनं फिल्टरमधून ढकलतात, रेतीवरले ठसे मोजपट्टीनं मोजतात अन् पाणमांजराची विष्ठा पुडीत बांधून नेतात!! आता गावात दोन पार्ट्या झाल्या. आमचे काका (मासेमारी सोसायटीचे मेंबर हाय) म्हणते का एकदा कागदावर पाणमांजर आलं का फॉरेस्टवाले येतीन, अभयारण्य होईन, जाळं बंद, मंग ढिवरानं खावं काय? मॅडमले विचारलं तर त्या बिचाऱ्या सांगतात पण 'हॅबिटॅट कनेक्टिव्हिटी' ऐकून काका उठूनच गेले अन् खरं सांगू तर मलेही काही समजलं नाही. कोणी सोप्यात सांगन का?

डबक्यातला_एमएस्सी:
पाण्याचं आधी सांगतो. मासा, कासव, पाणमांजर, पाण्यात जो जीव राहते त्याचे कातडीचे कण, बुळबुळीत चिकटा, विष्ठा पाण्यात सुटत राहते अन् त्यात त्याचा डीएनए असते. ते फिल्टरवर अडकते, मंग लॅबमध्ये पाहतात का या डोहात कोणकोण आहे, जाळं न टाकता. पण किती आहेत ते त्यातून पक्कं कळत नाही, अन् वाहतं पाणी असलं तर तो जीव वरच्या अंगाले कुठंतरी असू शकते, म्हणून ठसे अन् विष्ठाही लागते. पाणमांजर ठरलेल्या जागी पुन्हापुन्हा घाण करते, त्यात खवले अन् काटे तसेच निघतात, त्यावरून ते कोणता मासा खाते ते कळते. काकाले सांगा, पाणमांजर टिकून आहे म्हणजे डोहात मासा आहे. जिथं मासा संपला तिथून ते आधी निघून जाते.

जाळंवाला:
एमएस्सी भाऊ बरोबर हाय तुमचं पण पाणमांजर जाळं फाडते तेव्हा ते ज्ञान कामी येत नाही 😀 आमच्या घरी तीन पिढ्या वैनगंगेवर मासेमारी हाय म्हणून सांगतो, खरा घोर पाणमांजराचा नाहीच. वैनगंगेवरच्या गोसे (गोसीखुर्द) धरणाची पायाभरणी 1988 ले झाली, ते उभं राह्यलं तसं चढणीचे मासे वर जाणं बंद, म्हणून मॅडम धरणाच्या खाली वैनगंगेले मिळणाऱ्या चुलबंदसारख्या बाजूच्या नद्या पाहून राहिल्या असतीन कारण खालून येणाऱ्या माशाले आता त्याच वाटा उरल्या. अन् उन्हाळ्यात रेतीच्या बेटावर नदीसुरय पक्ष्याची अंडी असतात, काही कासवंबी रेतीतच अंडी घालते, अन् वरून एकाएकी पाणी सोडलं का सारं साफ. उरलेलं रेतीवाले घेऊन जातात, रात्रभर टिप्पर चालते, डोह बुजते, काठाच्या विहिरीचं पाणी खाली जाते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानात, कन्हानातून वैनगंगेत, ते तर सांगूच नका. हे सारं कोणी मोजून लिहून ठेवलं तर ढिवराच्याच कामाचं हाय ना बाप्पा, काका भलत्याच माणसावर चिडून राहिले.

धानाची_बांधी:
गोंदियातून. आमच्याकडं सारस पक्षी धानाच्या बांधीत घरटं करते, शेतकरीच घरटं राखतात, तिथं कोणी अभयारण्य करून शेती बंद नाही केली. कागदावर जीव आला का लगेच अभयारण्य होते हे खोटं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात आधी सरकारले इरादा जाहीर करावा लागते, मंग कलेक्टर लोकायच्या हक्काची चौकशी करते. लोकायनं स्वतःहून मागितलेलं कम्युनिटी रिझर्व्हबी (लोकायचं राखीव क्षेत्र) त्याच कायद्यात आहे. अन् 2006 च्या वनहक्क कायद्यात मासे अन् पाणवठ्याच्या इतर उत्पादनावर सामूहिक हक्क लिहून आहे, पात्र असलेल्या गावानं दावा टाकायचा, झोपून राहायचं नाही.

निराश_नागपुरी:
रिपोर्ट होईन, कपाटात जाईन. इति.

डबक्यातला_एमएस्सी:
@निराश, काही जातात, खरं आहे. पण कनेक्टिव्हिटीचं राह्यलं. वाघ उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातून ब्रह्मपुरीकडून ताडोब्याकडं जाते ते नदीनाल्याच्या काठची झुडपं धरून, अन् मधात गोसेचा उजवा कालवा, उभ्या भिंतीचा. पाण्यातल्या जीवाचंही तसंच, एक डोह चांगला असून भागत नाही, पुढच्या डोहापर्यंत जायची वाट लागते. कोणता बंधारा ती वाट तोडते हे माहीत असलं तर तिथं मार्ग ठेवा म्हणून मागता येते. वैनगंगा-नळगंगा जोड कालव्याले 2024 मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, गोसेतून पार बुलढाण्यापर्यंत चारशे किमीच्या वर कालवा, त्याच्या आधीची नदी कशी होती हे आत्ताच नोंदवलं नाही तर नंतर भांडायले हाती काहीच राहणार नाही.

चुलबंदकाठी:
धन्यवाद सगळ्यायले. काकाले जाळंवाल्या भाऊचं वाचून दाखवलं, सुरयच्या अंड्यावर ते म्हणे "हे तर मलेबी माहीत हाय, मॅडमनं मले विचारलंच नाही!" आता त्यायले मॅडमसोबत डोंग्यात बसवून पाठवतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वनहक्काचा मुद्दा मांडायचा हाय, बांधीवाले भाऊ, दाव्याचा फॉर्म कोणाजवळ मिळते ते सांगा न.