फॉर्मवर "मुलं किती?" एवढंच विचारतात, जी गेली त्यांचं सांगायचं का?

सुदामानगरची_सून:
नमस्कार, मी इंदूरची, वय ४३, मुलगी ११ वर्षांची आहे. ऑफिसमध्ये चेकअप कॅम्प होता तिथे बीपी १५०/९६ निघालं, परत घेतलं तर १४६/९४, मग एका फिजिशियनकडे गेले. फॉर्म भरून घेतला त्यात मुलं किती, तर १, झालं, पुढचा कॉलम. ईसीजी नॉर्मल आला, गोळी लिहून दिली आणि टेन्शन कमी करा म्हणाले.
आता खरी गोष्ट. मुलीच्या आधी माझे तीन गेले. २००९ मध्ये नवव्या आठवड्यात, २०१० मध्ये सातव्या आठवड्यात, तेव्हा क्युरेटिंग केलं होतं, आणि २०१२ मध्ये सातवा महिना लागला होता, अंगावर खूप सूज आली, बीपी एकदम वाढलं आणि बाळ पोटातच गेलं. ते मी कुठे बोलत नाही, घरात तर नाहीच. परवा नणंदेने व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड टाकला की ज्यांची मुलं पोटात जातात त्यांना पुढे हार्ट अटॅक येतो. टाकून वर हात जोडलेला इमोजी! रात्रभर झोप नाही. सासूबाईंना सहज विचारलं की माझी तेव्हाची फाइल कुठे आहे, तर म्हणाल्या जुनं कशाला उकरून काढतेस.
विचारायचं एवढंच की यात खरं किती? आणि हे डॉक्टरला सांगायचं तर कोणत्या, गायनॅकला की हार्टवाल्याला?

जिरावण_मारके:
ताई तुम्ही फॉरवर्ड बघून झोप घालवली हीच मोठी चूक. माझ्या आजीची ११ बाळंतपणं, त्यातली ४ गेली, ८८ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत तळलेले गराडू खाऊन गेली 😄 तेव्हा सगळ्यांच्याच घरात मुलं जायची, मग सगळ्या बायकांना अटॅक यायला पाहिजे होता ना? बीपी आहे तर पोह्यावर शेव आणि जिरावण मसाला कमी करा (हे मी बोलतोय म्हणजे बघा) आणि रोज सकाळी चालायला जा. बाकी मस्त राहा.

लेबररूम_नाइट_ड्यूटी:
मी गायनॅकमध्ये एमएस करतेय, त्यामुळे थोडं लांब लिहिते, रागावू नका.
जिरावण दादा, आजींना नमस्कार, पण एका आजीवरून काही ठरत नाही. डेन्मार्कमध्ये १० लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी बघून २०१३ मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात मिसकॅरेज झालेल्यांमध्ये पुढे हार्ट अटॅकचं प्रमाण थोडंसं जास्त दिसलं, १३ टक्क्यांच्या आसपास, आणि जितकी मिसकॅरेज जास्त तितकं ते वाढत गेलं. पण ज्यांचं बाळ उशिरा, पोटात मरून जन्माला आलं त्यांच्यात ते अडीच पटीपेक्षा जास्त होतं. फॉरवर्डमध्ये नेमका हाच फरक खाल्लेला असतो, सगळं एकाच पोत्यात. आणि अडीच पट ऐकून घाबरायचं नाही, कारण चाळिशीच्या बाईला अटॅक येण्याची शक्यता मुळातच कमी असते, छोट्या आकड्याची अडीच पट म्हणजेही छोटाच आकडा. पण वय वाढतं तसा तो मूळ आकडा वाढतो, म्हणून आत्ता लक्ष द्यायचं.
दुसरं, मूल गेल्यामुळे हृदय बिघडतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत जी जातात त्यातली निम्मी तरी गुणसूत्रांच्या गडबडीने जातात, त्यात आईची काहीच चूक नसते, आणि हे होतंही खूप जणींना, कळून आलेल्या १०० गरोदरपणांत १० ते १५. सातव्या महिन्यातलं वेगळं असतं. वारेला रक्त नेणाऱ्या नळ्या नीट रुंद झाल्या नाहीत तर वार उपाशी राहते, आईचं बीपी चढतं, सूज येते, लघवीतून प्रोटीन जातं, ताईंनी सांगितलं ते तसंच वाटतंय, त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. ज्यांना तो झाला त्यांना पुढे हार्टचा आणि स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट धरतात. म्हणजे रक्तवाहिन्यांची जी कमजोरी पन्नाशीनंतर दिसली असती ती गरोदरपणात आधीच दिसून गेली. पट्ट्यावर चालवून हृदयाची टीएमटी टेस्ट करतात ना, तशी नऊ महिन्यांची टीएमटीच ती.
तर कुणाला सांगायचं? दोघांनाही, पण फिजिशियनला नक्की. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच लिहिलंय की बाईच्या हार्टची रिस्क काढताना गरोदरपणातलं बीपी, शुगर विचारा, आणि २०२१ च्या त्यांच्या कागदात गरोदरपण वाया जाणं पण धरलंय. आपल्याकडे फॉर्ममध्ये तो कॉलम नसतो, म्हणून पेशंटनेच सांगायचं. टेस्ट म्हणाल तर उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लघवीतलं प्रोटीन, थायरॉइड. ईसीजी नॉर्मल म्हणजे त्या मिनिटाला नॉर्मल, एवढाच त्याचा अर्थ.
आणि एक विचारा, तेव्हा अँटीफॉस्फोलिपिडच्या टेस्ट झाल्या होत्या का. हा रक्त गोठण्याचा आजार आहे, दहाव्या आठवड्यानंतर कारण न कळता बाळ गेलं असेल किंवा लागोपाठ लवकरची गेली असतील तर बघतात. एकदा पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी परत करायची असते, तेव्हाच नक्की म्हणतात. हे वाचून कुणीही घरच्या घरी अॅस्पिरिन सुरू करू नका!!

रामबागवाली_काकू:
बाळ, मी ६४ ची आहे. मला ५८ व्या वर्षी अटॅक आला तेव्हा छातीत दुखलंच नाही. राजवाड्याला चोळीचं कापड घ्यायला गेले होते, जबडा दुखायला लागला, पाठ भरून आली, मळमळ, घाम. मी म्हटलं गॅस झाला, घरी येऊन ओवा खाल्ला, डॉक्टरनेही आधी अॅसिडिटीचंच औषध दिलं, दुसऱ्या दिवशी पोराने बळंबळं नेलं तेव्हा कळलं. नंतर अँजिओग्राफीच्या आधी एक तरुण मुलगी हिस्ट्री घ्यायला आली, तिने विचारलं काकू एकूण दिवस किती वेळा राहिले होते? मुलं किती असं नाही, दिवस किती वेळा राहिले. ३० वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं ५, आणि रडायला लागले, ती बिचारी घाबरली, तिला वाटलं परत अटॅक आला.
माझ्या दोघी सुनांना मी सांगून ठेवलंय, आपलं सगळं लिहून ठेवा. तुझ्या सासूबाईंचा राग धरू नकोस, आमच्या पिढीला असंच शिकवलं की त्यावर बोललं की पुन्हा तेच होतं. त्यांचंही काही गेलं असेल, विचारून बघ कधी.

फाइलवाला_नवरा:
पुरुषाने लिहावं की नाही माहीत नाही पण लिहितो. आमचंही २०१६ मध्ये आठव्या महिन्यात गेलं. डिस्चार्ज कार्ड मी जपून ठेवलं होतं, बायकोला दिसू नये म्हणून बँकेच्या पासबुकांमध्ये. गेल्या वर्षी तिचं बीपी निघालं तेव्हा काढून दिलं, डॉक्टर म्हणाले बरं झालं हे आणलंत, आणि गोळीबरोबर लघवीची टेस्ट पण लिहिली. वहिनी, तुमच्या मिस्टरांना विचारा, कदाचित त्यांच्याकडेच असेल. कार्ड नसलंच तर हॉस्पिटलमध्ये जुना रेकॉर्ड मागा, तारीख आठवत असेल तर कधी कधी सापडतो.
अजून एक, घरी बीपी बघायचं मशीन घ्या, दंडावरचं, मनगटावरचं नको. आधी ५ मिनिटं गप्प बसायचं, चहा अर्धा तास आधी नाही, पाय जमिनीवर, हात टेबलावर.

सुदामानगरची_सून:
सगळ्यांना धन्यवाद. काकू, तुमचं वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बसले थोडा वेळ.
फाइल यांच्याकडे नव्हती. सासूबाईंकडेच होती, पितळी डब्यात, माझ्या लग्नातल्या श्रीफळाच्या लाल कापडात गुंडाळून. काल रात्री सगळे झोपल्यावर स्वतःच आणून दिली, काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या यात सोनोग्राफीचा फोटो आहे तो बघू नकोस एकदम. त्यांचे दोन गेले होते, माझ्या नवऱ्याच्या आधी. लग्नाला १८ वर्षं झाली, मला माहीतच नव्हतं.
कार्डवर २०१२ चं बीपी १७०/११० लिहिलंय आणि लघवीत प्रोटीन ३ प्लस. मुलीच्या वेळच्या कागदावर वर एका ओळीत जी४ पी२ एल१ ए२ असं आहे.

लेबररूम_नाइट_ड्यूटी:
म्हणजे चार वेळा दिवस राहिले, दोन बाळंतपणं, एक मूल हयात, दोन मिसकॅरेज. सातव्या महिन्यातलं बाळ त्या पी२ मध्ये मोजलेलं आहे ताई, ए मध्ये नाही. ती ओळ तशीच्या तशी फिजिशियनला दाखवा. आणि ते १७०/११० पण. सासूबाईंचं बीपी शेवटचं कधी बघितलं?

सुदामानगरची_सून:
त्यांचं कधीच नाही, चालतात फिरतात म्हणून. शनिवारी सकाळी माझा नंबर आहे, त्यांचाही लावलाय, म्हणाल्या येते पण मला काही होत नाही. बाळ पी२ मध्ये मोजलेलं आहे हे वाचून दाखवलं त्यांना. मशीनचा कफ जाड दंडाला मोठा मिळतो ना, की वेगळा घ्यावा लागतो?

फाइलवाला_नवरा:
मोठा वेगळा मिळतो, टेपने दंडाचा घेर मोजून जा. छोटा बांधला तर बीपी उगाच जास्त दाखवतं.