प्रतिसाद: ताल नेमका कुठे बदलतो

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात बँड लावून निघणाऱ्या जॅझ अंत्ययात्रेत जाताना शोकाची संथ गाणी वाजतात, आणि दफन उरकलं की बँड नाचाची गाणी धरतो, असं वर्णन केलं जातं; ते अर्धंच खरं आहे. कब्रस्तान चालत जाण्याच्या अंतरापलीकडे असलं तर वादक वाटेतच दोन बाजूंना उभे राहतात आणि शववाहिका मधून पुढे निघून जाते. याला 'कट द बॉडी लूज', म्हणजे देहाला मोकळं सोडणं, म्हणतात. अशा वेळी ताल तिथेच बदलतो, कबरीपाशी नाही.

आणखी एक, स्नेअर ड्रमचं. जाताना त्याच्या खालच्या पडद्याला लागून असलेल्या तारा सैल सोडतात, किंवा तारा आणि पडदा यांच्यामध्ये रुमाल सरकवतात. तारांची थरथर जाते, नुसता बद्द ठोका उरतो. त्यावर संथ भजनं, आणि पुढे ग्रँड मार्शल, म्हणजे यात्रेचा म्होरक्या, टोपी छातीशी धरून. निरोप झाला की तारा पुन्हा ताणायच्या, मग ड्रमचा रोल, ट्रम्पेटची हाक, आणि 'सेकंड लाइन', म्हणजे बँडमागून चालणारी गर्दी, छत्र्या-रुमाल फिरवत नाचू लागते. ही खूण मिळायच्या आधीच मागच्या गर्दीने नाच धरला, तर माझ्या मते तो घरच्यांच्या रडण्याचा हक्क हिरावून घेणं आहे. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी एवढं नक्की पाळावं.