वेचे बंद करा नाहीतर पत्ता द्या

कर्णिक वहिनी (बी-५०२): सुप्रभात. जोशी काका, राग मानू नका, पण आज परत अकरा लिंका, चार फोटो आणि एक व्हिडिओ. "वेबवरचे वेचे" हा तुमचा उपक्रम चांगलाच आहे, मागच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं. पण कुठलं, कधीचं, कोणाचं, काही पत्ता नाही. आणि मेकॉलेचं ते "हिंदुस्थानात भिकारी दिसला नाही" वालं भाषण घेऊन मेकॉले तिसऱ्यांदा आलाय. तिसऱ्यांदा.

जोशी काका (ए-२०३): वहिनी, नको असेल त्यांनी वाचू नये. ग्रुपच्या वर्णनात काय लिहिलंय ते एकदा बघा. "तुझं म्हणणं मला पटत नाही, पण ते म्हणण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राणही देईन. - व्हॉल्टेअर." पार्किंगच्या त्या प्रकारानंतर तुम्हीच सगळ्यांनी ठरवून टाकलंय ते.

निखिल (सी-३०१): काका प्राण राहू द्या, लिंक द्या.

सचिव: नियम क्र. ३. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. इतर मजकूर कट्टा ग्रुपवर टाकावा ही नम्र विनंती.

पाटील अण्णा (ए-१०४): कट्टा ग्रुपवर आहे कोण? तुम्ही आणि निखिल. आणि मेकॉलेत चूक काय आहे ते तरी कळू द्या.

मेघना (सी-१०१): अण्णा, तारीख खरी आहे म्हणून तो फॉरवर्ड मरत नाही. २ फेब्रुवारी १८३५ ला मेकॉलेने शिक्षणाविषयीच्या टिपणावर सही केली, पण कलकत्त्यात. जून १८३४ ला तो मद्रासला उतरला होता आणि १८३८ पर्यंत हिंदुस्थानातच होता. फॉरवर्ड म्हणतो "ब्रिटिश संसदेतलं भाषण". त्या दिवशी लंडनला बसलेली संसदच नव्हती. डिसेंबर १८३४ च्या शेवटी ती बरखास्त झाली, निवडणुका चालू होत्या, नवी भरली १९ फेब्रुवारीला. हे तपासायला विद्वत्ता लागत नाही. हॅन्सर्ड म्हणजे तिथल्या चर्चांची छापील नोंद, १८०३ पासूनची नेटवर फुकट आहे. वक्त्याचं नाव आणि वर्ष टाकायचं.

पाटील अण्णा: शब्द नसतील त्याचे. मनात तेच होतं.

मेघना: मनातलं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की. खऱ्या टिपणात तो आधी कबूल करतो की आपल्याला संस्कृतही येत नाही आणि अरबीही. आणि तरी म्हणतो की चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाला भारी पडेल. रक्ताने आणि रंगाने हिंदी, पण आवडीनिवडी, मतं, नीती आणि बुद्धी इंग्रज असा वर्ग घडवा, हेही तिथेच आहे. ७ मार्चला गव्हर्नर जनरल बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने ठराव केला. हे सगळं पुराव्यासकट हाताशी असताना खोटं कशाला फिरवायचं? फरक एवढाच की फॉरवर्डमधला मेकॉले आपलं कौतुक करतो, देशभर भिकारी दिसला नाही, चोर दिसला नाही म्हणून. खरा मेकॉले कौतुक करत नाही. त्यामुळे आपल्याला खोटा जास्त आवडतो.

कर्णिक वहिनी: अगदी बरोबर.

पाटील अण्णा: "आपल्याला" म्हणजे कोणाला?

निखिल: ए विंगला.

पाटील अण्णा: निखिल, तुझे वडील या ग्रुपवर आहेत एवढं लक्षात ठेव.

सलीमभाई (ए-४०४): मंडळी, काकांच्या चार फोटोंपैकी बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेवर, सोव्हिएत झेंडा लावणारा फोटो. रंग नंतर भरलेले आहेत, मूळ कृष्णधवल. सोव्हिएत छायाचित्रकार खाल्देईने तो २ मे १९४५ ला काढला, झेंडा त्याआधी ३० एप्रिलच्या रात्रीच चढला होता. म्हणजे प्रसंग पुन्हा मांडून घेतलेला. झेंडेवाल्याला खालून आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. एक लुटीचं वाटेल म्हणून छापण्याआधी मिटवलं. मागचा धूरही गडद केला. आता नेटवर दोन घड्याळांचा आणि एका घड्याळाचा असे दोन्ही फिरतात, आणि लोक एकाला "खरा", दुसऱ्याला "खोटा" म्हणून भांडतात. दोन्ही एकाच निगेटिव्हचे आहेत.

जोशी काका: सलीमभाई, हे माहीत होतं मला. कॅप्शनमध्ये बसलं नाही.

सलीमभाई: काका, तुम्हाला माहीत असणारच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी म्हटलं.

श्वेता (बी-२०२): सलीमभाई, फोटो तपासायचा कसा? मी गूगल लेन्सवर टाकते तर नुसते तसेच फॉरवर्ड मिळतात, सगळे हेच कॅप्शन घेऊन.

सलीमभाई: कारण तुम्ही कॅप्शनसकट टाकता, मग ते अक्षरं शोधतं. आधी फोटोवरची अक्षरं, चौकट, खालची पट्टी कापून टाका, मग शोधा. तरी नाही मिळालं तर आडवा उलटा करा, आरशासारखा. चोरताना बरेच जण तेवढंच करतात. मग एकच कोपरा घ्या, पाटी, गणवेशावरचं चिन्ह, गाडी. टिनआय या फोटो शोधायच्या साइटवर "सर्वांत जुना" अशी क्रमवारी मिळते, पण ती तारीख त्यांच्या यंत्राने फोटो पहिल्यांदा पाहिल्याची असते, काढल्याची नव्हे. इथे फार लोक घसरतात. आणि ग्रुपवर आलेल्या फोटोत कॅमेऱ्याची माहिती शोधू नका, फोटो म्हणून पाठवला की ती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच राहते.

सचिव: नियम क्र. ३ कडे पुन्हा लक्ष वेधतो.

श्वेता: सचिव साहेब, हे उपयोगाचं आहे हो. दोन मिनिटं.

सचिव: उपयोगाचं नाही असं मी म्हटलेलं नाही.

जोशी काका: आता माझ्या बाजूचंही ऐका. पाचव्या वेच्यावर कोणी बोललंच नाही. "ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये झाली." त्यात खोटं काय आहे?

मेघना: खोटं काही नाही काका, पण खाली "इतिहासकारांची घोडचूक" असं लिहिलंय. चूक कोणाचीच नाही. रशियात जुनं ज्युलियन पंचांग होतं, त्या हिशेबाने २५ ऑक्टोबर १९१७. आताच्या ग्रेगोरियनने ७ नोव्हेंबर. तेरा दिवसांचा फरक. पण हा फरक कायम तेरा नसतो, चारशे वर्षांत तीन दिवसांनी वाढतो. १५८२ ला पंचांग बदललं तेव्हा दहा दिवस गाळले, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५. ब्रिटनने १७५२ ला बदललं तोवर अकरा झाले होते, २ सप्टेंबरनंतर १४. त्यातही इंग्लंडचं वर्ष आधी २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या तारखांचं सालही सरकतं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१, आता २२ फेब्रुवारी १७३२. "दोन पुस्तकांत दोन तारखा, म्हणजे कोणीतरी लपवतंय" असला वेचा आला की आधी हे बघायचं.

पाटील अण्णा: मग आपल्याकडच्या जयंतीची तारीख पण

सचिव: अण्णा. नको. कृपया. तो विषय २ तास चालतो.

निखिल: २ तास? मागच्या वेळी दोन जण ग्रुप सोडून गेले.

कर्णिक वहिनी: एक परत आले, फक्त लिफ्टच्या नोटीससाठी.

"हा मेसेज डिलीट केला आहे."

कर्णिक वहिनी: अण्णा, वाचला मी.

जोशी काका: आणि नकाशा? आफ्रिका ग्रीनलंडएवढी दाखवतात हे तरी खरं ना?

मेघना: खरं. ग्रीनलंड साधारण २१.७ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका तीन कोटींच्या वर. चौदापट. पण "युरोपने कट करून नकाशा फुगवला" हे ओढूनताणून आहे. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने तो १५६९ ला खलाशांसाठी काढला. होकायंत्राची एक दिशा धरून गेलं तर वाट कागदावर सरळ रेघ यावी, एवढंच काम. त्यासाठी ध्रुवाकडे सगळं ताणावं लागतं. ६० अक्षांशावर लांबी दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. तक्रार करायची तर तो भिंतीवर लावणाऱ्यांची करा. जहाजावरचा नकाशा वर्गात टांगला, तिथून सगळा घोळ.

निखिल: म्हणजे नियम क्र. ३ मोडला. प्रत्येक नकाशा आपापल्या ग्रुपवर.

सचिव: धन्यवाद निखिल.

निखिल: साहेब, चेष्टा होती ती.

श्वेता: मेघनाताई, वचनं कशी तपासायची? माझ्याकडे रोज एक थोर माणूस येतो.

मेघना: पूर्ण वाक्य टाकू नकोस, फिरता फिरता शब्द बदलतात. त्यातले सहज न सापडणारे पाच-सहा सलग शब्द घे, दुहेरी अवतरणात टाक आणि गूगल बुक्सवर साल मर्यादित कर, त्या माणसाच्या हयातीपर्यंत. हयातीत एकदाही नाही आणि मेल्यावर चाळीस वर्षांनी एकदम शंभर ठिकाणी, तर काय ते समजायचं. तिथेही एक खड्डा आहे. मासिकांच्या बांधीव खंडांना कधीकधी पहिल्या अंकाचं साल चिकटलेलं असतं. वाटतं १८९० चं, आत छापलंय १९६२. आतल्या पानावरचं साल वाचल्याशिवाय उड्या मारू नयेत. अनुवादित वचन असेल तर मूळ भाषेत शोध, मराठीतून फ्रेंच माणूस सापडणार नाही.

आणि मराठी पीडीएफचं वेगळंच दुखणं. जुन्या फॉन्टमधली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण त्यातलं वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा भुगा पडतो. तशा फाइलीत शोध लागतच नाही. स्कॅन केलेल्यात यंत्र घ चा ध वाचतं, भ चा म. म्हणून "शोधलं, शून्य निकाल, म्हणजे नाहीच" हे मराठीपुरतं कधी म्हणू नये.

पाटील अण्णा: म्हणजे मेकॉलेचंही कुठेतरी असू शकतं.

मेघना: अण्णा, मेकॉले मराठीत बोलत नव्हता.

पाटील अण्णा: मनात तेच होतं पण.

कर्णिक वहिनी: माझी मूळ मागणी साधी होती. पत्ता द्या. आणि लिंकेच्या मागची ती हातभर शेपटी काढा. प्रश्नचिन्हापासून पुढे यूटीएम, एफबीक्लिड असलं जे काही असतं, ते कापलं तरी पान उघडतं. पण यूट्यूब व्हिडिओच्या लिंकेत "व्ही बरोबर" (v=) नंतरची अक्षरं ठेवा, ती कापली तर व्हिडिओ जातो. आणि डोक्यावर दुहेरी बाण आणि "अनेक वेळा फॉरवर्ड" असेल तर ते किमान पाच हातांतून आलंय, म्हणून ते पुढे एका वेळी एकाच ठिकाणी जातं. काका, तुम्ही ते चुकवायला मजकूर कॉपी करून नव्याने टाकता. बाण जातो, पण त्याबरोबर कुठून आलं तेही जातं.

जोशी काका: वहिनी, एवढं लक्ष ठेवून वाचता, मग तक्रार कसली?

कर्णिक वहिनी: लक्ष ठेवून वाचते म्हणूनच.

जोशी काका: बरं. पत्ता देईन. पण तुम्ही सगळे खोट्याच्या मागे लागलाय, आणि मला वाटतं खरी भीती वेगळीच आहे. एम्सची तार घ्या. १३ जुलै १८७०. प्रशियाचा राजा विल्हेल्म जर्मनीतल्या एम्स गावी होता. फ्रेंच राजदूत बेनेदेत्तीने त्याला फिरायच्या वाटेवर गाठलं. स्पेनच्या गादीवर तुमच्या घराण्यातला माणूस पुन्हा कधीच बसणार नाही असं वचन हवं होतं. राजाने नाकारलं, पण रीत सांभाळून. नंतर त्या गादीचा उमेदवार, राजाच्या घराण्यातला लिओपोल्ड, याने माघार घेतल्याची खात्री पत्राने आली, तेव्हा राजाने निरोप दिला की तुम्हालाही हेच कळलंय, आता वेगळं सांगण्यासारखं नाही. राजाबरोबर असलेल्या आबेकेन या अधिकाऱ्याने ही हकिगत तारेने पंतप्रधान बिस्मार्कला कळवली. बिस्मार्कने थाप घातली नाही, कात्री चालवली. पत्राचं कारण गेलं, निरोप उरला: राजाने राजदूताची भेट नाकारली, सांगण्यासारखं काही नाही. त्यात निरोप नेणारा "आद्जुटांट", जर्मनमध्ये राजाचा मानाचा अधिकारी. फ्रेंच वर्तमानपत्रांत तोच शब्द "आद्ज्युदां" म्हणून गेला, आणि तिथे त्याचा अर्थ साधा हवालदारवजा शिपाईगडी. पॅरिस पेटलं. १९ जुलैला युद्ध. हॅन्सर्डमध्ये, लेन्सवर, टिनआयवर हे कसं पकडणार? प्रत्येक तुकडा खरा होता.

सलीमभाई: वा काका. हा वेचा पाठवायचा होता सकाळी.

मेघना: हे मात्र मान्य. मूळ कागद शेजारी ठेवल्याशिवाय कापलेलं दिसत नाही. आबेकेनची मूळ तार आणि बिस्मार्कची, दोन्ही छापलेल्या मिळतात, म्हणून तर कळलं.

पाटील अण्णा: मग मेकॉलेच्या टिपणाचंही कोणी कापलं नाही कशावरून?

निखिल: अण्णा, सलाम.

मेघना: आता निघालंच आहे तर, सचिव साहेब, ग्रुपच्या वर्णनातलं वाक्य व्हॉल्टेअरचं नाही.

सचिव: म्हणजे?

मेघना: एव्हलिन बीट्रिस हॉल नावाच्या इंग्रज लेखिकेचं. टॅलेंटायर या टोपणनावाने तिने १९०६ ला व्हॉल्टेअरच्या मित्रांवर पुस्तक लिहिलं. हेल्व्हेशियस या फ्रेंच तत्त्वज्ञाचं पुस्तक जाळलं त्यावर व्हॉल्टेअरची भूमिका काय होती, ती तिने आपल्या शब्दांत मांडली आणि अवतरणात टाकली. अवतरण पाहून पुढच्यांनी ते त्याच्या तोंडी घातलं.

पाटील अण्णा: पण मनात तेच होतं ना त्याच्या?

निखिल: या वेळी अण्णा बरोबर आहेत.

कर्णिक वहिनी: मग हॉलबाईंचं नाव टाका. सोपं आहे.

सचिव: हॉल म्हटलं की लोक सोसायटीच्या हॉलचं भाडं विचारतील. आणि वर्णन बदलायला कमिटीची मंजुरी लागते. तरी बघतो.

"सचिव यांनी ग्रुपचं वर्णन बदललं."

श्वेता: बघितलं. नाव काढलं, वाक्य तसंच ठेवलंय.

जोशी काका: वर अवतरणचिन्हंही काढली. साहेब, आता ते कमिटीचं वाक्य झालं. ही पण एम्सचीच तार.