मदत हवी आहे: परशुरामाचा बाण कुठल्या तासाला शिकवू?

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत चौथीला शिकवते. परवा नकाशात बाणावली आली आणि एक मुलगा म्हणाला, परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, तसा गोवा झाला. शेजारची मुलगी म्हणाली, देवाने सहा दिवसांत सगळं जग केलं, चर्चमध्ये सांगतात. मग दोघंही माझ्याकडे बघत, "टीचर, खरं कुठलं?"

मी विषय बदलला. ते अजून मनाला लागलंय.

संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे ठाऊक आहे. पण कथा कथा म्हणून भाषेच्या तासाला सांगावी, असं माझं मत. परिसर अभ्यासात मात्र खडकच बोलू देत. गोव्यातले काही तर ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत! आणि ऋग्वेदातलं नासदीय सूक्तसुद्धा सृष्टी कुठून आली हे कोणाला ठाऊक, असंच विचारतं ना?

अडचण शब्दांची आहे. 'ही श्रद्धा, हे विज्ञान' असं नऊ वर्षांच्या मुलांना, घरच्यांचं मन न दुखवता, तुम्ही नेमकं कसं सांगता? वर्गात बोललेली वाक्यंच लिहा. सोमवारी त्या दोघांना उत्तर द्यायचंय.